नाटकाला घर देणारी जेनिफर

भोरच्या राजवाड्यासमोर जनरेटरची गाडी उभी दिसली, की आत शूटिंग चालू आहे हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. लाकडी खांबांचा हा वाडा पडद्यावर किती घराण्यांचा वाडा म्हणून उभा राहिला, याची मोजदाद आता गावानेही सोडून दिली आहे. कलाकार येतात, काम उरकतात, पुढच्या गावाला जातात. राजवाड्याचं आणि नटांचं आजचं नातं एवढंच उरलं आहे.

पूर्वी ते वेगळं होतं. नाटकमंडळी राजाच्या दारी जायची ती पोटासाठी आणि मानासाठीही. विष्णुदास भाव्यांच्या पाठीशी सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन उभे राहिले म्हणून १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ झालं आणि मराठी नाटकाला जन्मतारीख मिळाली. संस्थानं गेली तसा हा आधारही गेला. भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं आणि दख्खनमधल्या इतर अनेक संस्थानांचं त्याच सुमारास तेच झालं. नेमक्या त्या दिवसांत एक इंग्रज कुटुंब नाटकाचे पेटारे घेऊन हिंदुस्थानभर हिंडत होतं. संस्थानिकांचे वाडे, मिशनऱ्यांच्या शाळा, लष्करी छावण्या, जिथे बोलावणं येईल तिथे शेक्सपिअरचे प्रयोग करत होतं. या कुटुंबातली थोरली मुलगी म्हणजे जेनिफर केंडल.

मराठी वाचकाला जेनिफर माहीत आहे ती शशी कपूरची इंग्रज बायको म्हणून. शशी कपूरच्या आठवणी निघाल्या की तिचं नाव येतं, ‘फार शिस्तीची होती हो’ असं कुणीतरी म्हणतं आणि विषय पुढे सरकतो. माझ्या मते हा तिच्यावर अन्याय आहे. तिचे पडद्यावरचे चित्रपट दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील. पण त्यातली एक भूमिका भारतीय चित्रपटातल्या श्रेष्ठ अभिनयाच्या पहिल्या रांगेत बसणारी आहे. शिवाय तिने जुहूला जे उभं केलं, त्याचा मराठी नाटकाशी पहिल्या दिवसापासून संबंध आहे.

तिचे वडील जेफ्री. मूळ आडनाव ब्रॅग. इंग्लंडच्या उत्तरेला केंडल नावाचं गाव आहे, तिथे ते जन्मले आणि रंगभूमीवर उभे राहताना गावाचंच नाव त्यांनी आडनाव म्हणून घेतलं. आई लॉरा लिडेल, तीही नटी. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या करमणुकीसाठी नाटकं घेऊन हे जोडपं हिंदुस्थानात आलं आणि या देशाने त्यांना धरून ठेवलं. युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये जेफ्री स्वतःची कंपनी घेऊन परत आले. कंपनीचं नाव ‘शेक्सपिअराना’. मधे काही वर्षं इंग्लंडला जाऊन १९५३ मध्ये ते पुन्हा आले. १९५३ ते १९५६ या साडेतीन वर्षांत त्यांनी साडेआठशेहून अधिक प्रयोग केले. भागलं तर दीड दिवसाला एक प्रयोग पडतो, आणि त्यात प्रवासाचे, आजारपणाचे, पावसाचे दिवस धरलेलेच आहेत.

हे जगणं कसं असेल हे नारायणगावच्या तमाशाच्या राहुट्यांवर सुपारी द्यायला गेलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. केंडल मंडळी म्हणजे इंग्रजी बोलणारा एक फडच होता. मालक तोच मुख्य नट, मालकीणबाई तीच नायिका, पोरं कंपनीतच वाढलेली, आज या गावी तर उद्या त्या. रेल्वेच्या खालच्या वर्गाचा डबा, सोबत कपड्यांच्या पेट्या, मुक्कामाला मिळेल तो हॉल. धाकटी फेलिसिटी १९४६ ची. ती तर तान्ही असतानाच रंगमंचावर आणली गेली होती. जेनिफर तिच्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. फेलिसिटीला कडेवर घेणारी आणि रंगमंचावर उभी राहणारी मुलगी तीच. कंपनीत पाहुणे नट-नटी येत-जात राहिले. उत्पल दत्त तरुणपणी याच कंपनीत शिकले आणि जेफ्रींना ते जन्मभर गुरू मानत आले. कायम राहणारी नायिका मात्र घरातली, जेनिफर.

शेक्सपिअर आपल्याकडे परका नव्हता. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी ‘ऑथेल्लो’ मराठीत आणलं ते १८६७ मध्ये. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं, देवलांनी ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला, वासुदेव बाळकृष्ण केळकरांची ‘त्राटिका’ गाजली. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांचा हॅम्लेट पाहायला लोक गावोगावहून यायचे. म्हणजे केंडल मंडळी इथे पोहोचण्याच्या कितीतरी आधी शेक्सपिअर मराठी कंपन्यांच्या पेटाऱ्यात बसून फिरला होता. जेफ्रींनी तो मूळ भाषेत फिरवला. पुढे बसलेल्या मुलांना निम्मे शब्द कळत नसत. तरीही ती शांत बसत, हे जेफ्रींना या देशाचं सगळ्यात मोठं देणं वाटायचं. इंग्लंडमध्ये आपल्याला असा प्रेक्षक मिळणार नाही, असं त्यांचं पक्कं मत होतं.

१९५६ मध्ये कलकत्त्यात दोन कंपन्यांची गाठ पडली. एक ही, दुसरी पृथ्वीराज कपूरांची ‘पृथ्वी थिएटर्स’. पृथ्वीराजांचा धाकटा मुलगा शशी तेव्हा अठरा वर्षांचा. बापाच्या कंपनीत रंगमंचामागची कामं करायची, लहानसहान भूमिका करायच्या, असं त्याचं चाललं होतं. जेनिफर त्याच्याहून चारेक वर्षांनी मोठी आणि अनुभवाने तर कितीतरी. दोघंही फिरत्या कंपनीच्या मालकाची मुलं. एकाची कंपनी हिंदुस्थानी बोलणारी, दुसरीची इंग्रजी, पण तालमीची शिस्त, तिकीटबारीची काळजी आणि मुक्काम हलवण्याची धांदल दोन्हीकडे सारखीच. ही दोन माणसं एकमेकांना का ओळखीची वाटली असतील, याचं याहून सोपं उत्तर मला सुचत नाही. शशी शेक्सपिअरानात नट म्हणून दाखल झाला आणि शेक्सपिअरच्या इंग्रजीवर जीभ वळवू लागला. जेफ्रींना हे लग्न नको होतं. जावई हिंदुस्थानी आहे, यापेक्षा कंपनीची नायिका हातची जाते, हा सल मोठा होता. बापाने मुलीला घडवायचं, मुलीने कंपनी तोलून धरायची आणि मग ती निघून जायची. आपल्या कलावंतांच्या घरांतही हे दुखणं किती जुनं आहे. जुलै १९५८ मध्ये लग्न झालं.

पुढची काही वर्षं तिच्या कामाच्या दृष्टीने रिकामी दिसतात. कुणाल, करण, संजना ही तीन मुलं झाली. शशीचे सुरुवातीचे चित्रपट चालत नव्हते. १९६५ मध्ये ‘जब जब फूल खिले’ आला आणि दिवस पालटले. या काळात ती काय करत होती, असं विचारलं तर उत्तर एका शब्दाचं आहे : घर. रविवारी शशी कपूर काम करत नाही, तो दिवस घरच्यांचा, हा नियम हिंदी चित्रपटसृष्टीत सर्वांना माहीत होता. दिवसाला तीन-तीन पाळ्यांत काम करणारा, थोरल्या भावाने ज्याला ‘टॅक्सी’ म्हणावं असा नट रविवार मोकळा ठेवत होता, तो जेनिफरमुळे. जिचं सगळं लहानपण मुक्काम हलवण्यात गेलं, तिने आपल्या मुलांना एक ठरलेला दिवस आणि एक ठरलेलं घर दिलं.

त्याच १९६५ मध्ये ‘शेक्सपिअर वाला’ आला. इस्माइल मर्चंट आणि जेम्स आयव्हरी यांचा हा चित्रपट केंडल कुटुंबाच्या भटकंतीवरून सुचलेला. जेफ्री आणि लॉरा यात बकिंगहॅम नावाच्या नट-जोडप्याचं काम करतात, फेलिसिटी त्यांची मुलगी लिझी, शशी कपूर तिच्या प्रेमात पडलेला संजू, उत्पल दत्त महाराजा आणि संगीत सत्यजित राय यांचं. ब्रिटिश गेले, संस्थानिकांचा दरबार उठला, शाळांना आता नाटकापेक्षा क्रिकेट आणि परीक्षा महत्त्वाच्या झाल्या, आणि या मंडळींना प्रयोग मिळेनासे झाले, अशी ती गोष्ट. ऑथेल्लोच्या प्रयोगात ऐन शेवटी सिनेमानटी सज्जात येऊन बसते आणि सगळं प्रेक्षागृह रंगमंचाकडे पाठ करून तिच्याकडे वळतं, हा प्रसंग ज्याने कनातीतल्या नाटकाचा पडता काळ पाहिला आहे त्याच्या काळजात जाऊन बसेल. ही नटी झालेल्या मधुर जाफ्रींना बर्लिनच्या महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं.

आणि जेनिफर? या गोष्टीचा मूळ धागा तिचा. हिंदुस्थानी तरुणाच्या प्रेमात पडून कंपनी सोडायची की नाही या पेचातली मुलगी ती होती. पण पडद्यावर तिची जागा धाकट्या बहिणीने घेतली आणि तिच्या वाट्याला डोंगरगावातलं हॉटेल चालवणाऱ्या मिसेस बोवेनची छोटी भूमिका आली, तीही श्रेयनामावलीत नाव न देता. ती त्यात दोन घटका दिसते आणि जाते. हे पाहताना मला दर वेळी वाटतं, ही बाई स्वतःच्या आयुष्याच्या गोष्टीत पाहुणी म्हणून उभी राहिली आणि तिने त्याचा जराही गवगवा केला नाही.

पहिली मोठी भूमिका १९७० च्या ‘बॉम्बे टॉकी’त मिळाली. मुंबईला आलेली इंग्रज कादंबरीकार ल्युशिया लेन, आणि तिच्या नादाला लागलेला, लग्न झालेला सिनेमानट विक्रम. विक्रम म्हणजे शशी. ल्युशिया ही लोभी, एकटी, वय उतरणीला लागल्याची धास्ती घेतलेली बाई आहे. प्रेक्षकाला ती आवडावी असा जेनिफरचा कुठेही प्रयत्न नाही, आणि इथेच तिची तालीम कळते. या चित्रपटातली महाकाय टंकलेखनयंत्रावरची नाचगाण्याची करामत लोकांना आठवते. ल्युशिया मात्र विसरली गेली. पण विक्रमच्या बायकोचं काम करणारी एक बंगाली नटी तिला विसरली नाही. तिचं नाव अपर्णा सेन.

तिच्याकडे येण्याआधी ‘जुनून’. १९७८ चा हा चित्रपट श्याम बेनेगलांचा आणि निर्माता म्हणून शशी कपूरचा पहिला. रस्किन बाँडच्या कथेवरचा. १८५७ चं बंड, शाहजहानपूर, गोऱ्यांची कत्तल आणि त्यातून वाचलेल्या लाबादूर कुटुंबातल्या बायका एका पठाणाच्या घरी अडकलेल्या. पठाण जावेद खान, म्हणजे शशी कपूर, घरातल्या तरुण मुलीवर लुब्ध झालेला. मुलीची आई मरियम, म्हणजे जेनिफर. मरियम रडत नाही, गयावया करत नाही. ती पठाणाशी वाटाघाट करते : दिल्ली बंडवाल्यांच्या हाती राहिली तर मुलगी तुझी, इंग्रजांनी परत घेतली तर नाही. पुढे बसलेला पुरुष शस्त्रधारी, घर त्याचं, गाव त्याचं, आणि ही बाई फक्त आवाजाच्या जोरावर वेळ मिळवते आहे. अशा प्रसंगात ती हनुवटीही फार हलवत नाही. या चित्रपटाचे संवाद इस्मत चुगताई आणि सत्यदेव दुबे यांचे, छायाचित्रण गोविंद निहलानींचं. शबाना आझमी, नसीरुद्दीन शाह, नफिसा अली अशा माणसांच्या गर्दीत चित्रपटाचा कणा म्हणून लक्षात राहते ती मरियम.

आता ‘३६ चौरंगी लेन’. इथे मला थोडं थांबायचं आहे.

१९८१ चा हा चित्रपट अपर्णा सेन यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला, आणि पैसे पुन्हा शशी कपूरचेच. व्हायोलेट स्टोनहॅम ही कलकत्त्यातली अँग्लो-इंडियन शिक्षिका मुलींच्या शाळेत शेक्सपिअर शिकवते. नातेवाईक परदेशी निघून गेलेले, भाऊ एडी वृद्धाश्रमात, घरी एक मांजर. मांजराचं नाव सर टोबी, ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधल्या सरदारावरून. भावाचं काम जेनिफरच्या वडिलांनी, जेफ्रींनी केलं आहे. एक दिवस जुनी विद्यार्थिनी नंदिता आणि तिचा मित्र समरेश भेटतात. समरेशला लिहायला निवांत जागा हवी आहे म्हणतात, आणि बाई शाळेत असताना तिचं घर वापरू लागतात. त्यांना हवा असतो तो फक्त एकांत. पण संध्याकाळी ती दोघं घरात असतात, कॉफी होते, जुन्या तबकड्या वाजतात आणि बाईचं घर पुन्हा नांदतं होतं. मग त्यांचं लग्न होतं, स्वतःचं घर होतं, आणि बाईची गरज संपते.

या भूमिकेच्या वेळी जेनिफरने पन्नाशीही गाठलेली नव्हती. व्हायोलेट साठीकडे झुकलेली. म्हातारपण दाखवायला तिने थरथरता हात किंवा कापरा आवाज यांचा आधार घेतलेला नाही. जिना चढताना ती कठड्याला हात लावते, क्षणभर थांबते आणि मग पुढची पायरी घेते. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरते. कुणी प्रेमाने बोललं की आधी अविश्वासाने बघते, मग एकदम सैल होते आणि जरा जास्तच बोलत सुटते, जसं एकटी राहणारी माणसं बोलतात. तरुण जोडप्यासाठी कपबशा मांडताना तिच्या हालचालींना जी लगबग येते, ती पाहिली की पुढे काय होणार हे माहीत असलेल्या प्रेक्षकाला ती लगबग सोसत नाही.

नाताळच्या दिवशी बाईला त्या दोघांना भेटायचं असतं. त्यांनी आधीच सांगितलेलं असतं, आम्ही गावाला जातोय. बाई तरीही केक करते, परत आल्यावर खातील म्हणून त्यांच्या घरी ठेवायला निघते. घरात दिवे, गाणी, पाहुणे. खिडकीतून तिला सगळं दिसतं. ती दार वाजवत नाही. परत फिरते, रात्रीच्या मोकळ्या रस्त्याने चालू लागते, एक भटकं कुत्रं मागे लागतं आणि त्या कुत्र्यासमोर ती किंग लिअरचे शब्द म्हणते. आयुष्यभर वर्गात शिकवलेलं, मुलींनी कंटाळून ऐकलेलं ते भाषण पहिल्यांदा तिचं स्वतःचं होतं.

मराठी प्रेक्षकाला इथे अप्पा बेलवलकर आठवल्याशिवाय राहणार नाहीत. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ २३ डिसेंबर १९७० रोजी रंगमंचावर आलं आणि लिअरच्या दुःखाला मराठीत कायमचं घर मिळालं. श्रीराम लागूंचे अप्पा गर्जतात, वादळाला आव्हान देतात, मुलांच्या कृतघ्नपणाचा हिशेब मागतात. व्हायोलेटला हिशेब मागायलाही कुणी नाही; ती मुलं तिची नव्हतीच. तिचा लिअर कुजबुजीत बोलतो. मी अप्पांचा भक्त आहे, तरीही म्हणतो की या दोन लिअरना शेजारी बसवून पाहावं. एकाच शोकांतिकेची इतकी वेगळी दोन रूपं भारतीय कलेत एका दशकाच्या अंतराने निर्माण झाली, याचा आपण पुरेसा विचार केलेला नाही.

‘३६ चौरंगी लेन’ला राष्ट्रीय पारितोषिकं मिळाली : दिग्दर्शनाचं अपर्णा सेन यांना, छायाचित्रणाचं अशोक मेहतांना, इंग्रजी भाषेतल्या उत्कृष्ट चित्रपटाचं चित्रपटाला. अभिनेत्रीचं पारितोषिक त्या वर्षी ‘उमराव जान’साठी रेखाला गेलं. इंग्लंडमध्ये जेनिफरला ‘इव्हनिंग स्टँडर्ड’चं उत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं आणि ब्रिटिश अकादमीच्या ‘बाफ्टा’साठी नामांकनही झालं. त्या यादीत चार नावं होती : कॅथरिन हेपबर्न, डायन कीटन, सिसी स्पेसेक आणि जेनिफर केंडल. पारितोषिक हेपबर्नला मिळालं. कलकत्त्यात थोड्या पैशांत केलेल्या पहिलटकर दिग्दर्शिकेच्या चित्रपटामुळे आपली एक नटी या यादीत बसली, ही लहान गोष्ट नाही. आणि मी तिला ‘आपली’ म्हणतो ते विचारपूर्वक.

त्यानंतर ‘हीट अँड डस्ट’मध्ये मिसेस साँडर्स, आणि सत्यजित राय यांच्या ‘घरे बाइरे’त मिस गिल्बी. बिमलाला इंग्रजी गाणं आणि रीतभात शिकवणारी ही शिक्षिका. स्वदेशीच्या लाटेत एक पोरगा तिला दगड मारतो आणि ती गाव सोडून जाते. जेनिफरच्या वाट्याला येणाऱ्या बायका अशाच : या देशावर जीव लावलेल्या आणि इथल्या इतिहासात जागा न सापडलेल्या. तिला स्वतःला मात्र जागा सापडली होती, आणि ती तिने स्वतः बांधली होती.

पृथ्वीराजांची कंपनी १९४४ ते १९६० अशी सोळा वर्षं चालली. प्रयोग संपला की पृथ्वीराज दारात झोळी पसरून मान खाली घालून उभे राहायचे, कुणाच्या तरी मदतीसाठी. कंपनीला स्वतःचं नाट्यगृह असावं ही त्यांची इच्छा होती. जुहूला भाड्याने जागाही घेऊन ठेवली होती. १९७२ मध्ये ते गेले. मग शशी आणि जेनिफर यांनी पृथ्वीराजांच्या नावाने विश्वस्त संस्था काढली, जागा घेतली आणि वास्तुविशारद वेद सेगन यांच्याकडून नाट्यगृह बांधून घेतलं. शशी चित्रपटांच्या पाळ्या करून पैसे आणत होता. बांधकाम, कारभार, नियम, हे सगळं जेनिफरने पाहिलं.

ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी अशी आहे. आसनं सुमारे दोनशे. रंगमंचाला पडद्याची चौकट नाही. तो प्रेक्षकांत पुढे आलेला आणि तीन बाजूंनी बाकांच्या पायऱ्या. पहिल्या रांगेतल्या माणसाने पाय लांब केला तर नटाला लागेल. नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो, श्वास ऐकू येतो, आणि नटालाही समोरच्याची जांभई दिसते. बंगल्यांतून, शाळांतून, जेवणाच्या दालनांतून मिळेल त्या जागेत हजारो वेळा उभी राहिलेली नटीच असा रंगमंच मागू शकते. मोठ्या नाट्यगृहाच्या दिमाखाचं तिला काही नव्हतं. प्रेक्षक किती जवळ हवा, हे तिला पक्कं कळत होतं. बाहेर झाडाखाली तिने कॅफे चालू केला, कारण नाटकमंडळींना प्रयोगाआधी आणि नंतर बसायला, भांडायला, पुढचं नाटक ठरवायला जागा लागते. भाडं हौशी-प्रायोगिक संस्थांना झेपेल इतकं. सोमवार सोडला तर रोज प्रयोग. वेळ झाली की दार बंद. उशिरा येणारा कितीही मोठा असो, आत घेत नाहीत. ‘शेक्सपिअर वाला’तली ती सज्जातली नटी आठवली की हा नियम कुठून आला ते समजतं.

५ नोव्हेंबर १९७८ रोजी पृथ्वी थिएटर सुरू झालं ते ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ने. गो. पु. देशपांड्यांच्या मराठी नाटकाचा तो हिंदी प्रयोग, आणि कलाकार नसीरुद्दीन शाह, ओम पुरी. एका डाव्या विचारांच्या प्राध्यापकाची चौकशी चालली आहे आणि माणसं फक्त बोलत आहेत, असं हे नाटक. मोठ्या नाट्यगृहात त्याचे शब्द वाऱ्यावर गेले असते. इंग्रज नटीने आणि पंजाबी कुटुंबाने बांधलेल्या घराचा उंबरठा मराठी नाटककाराने पहिल्यांदा ओलांडला, ही गोष्ट आपल्या नाट्यइतिहासात ठळक लिहायला हवी. पुढे सत्यदेव दुब्यांनी तर पृथ्वीला आपलं बिऱ्हाडच केलं.

मुंबईत प्रायोगिक मराठी नाटकाला त्याआधी जागा होती ती दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलची. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या ‘आविष्कार’ने १९७४ मध्ये तिथे प्रयोग सुरू केले आणि एका शाळेच्या हॉलमधून एक चळवळ उभी राहिली. छबिलदास आणि पृथ्वी ही दोन छोटी छप्परं नसती, तर आज आपण ज्यांना मोठे नट म्हणतो त्यांतले कितीतरी जण तालमीपलीकडे पोहोचले नसते.

१९८२ मध्ये जेनिफरला आतड्याचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. १९८३ मध्ये पृथ्वीचा पहिला नाट्यमहोत्सव झाला. ७ सप्टेंबर १९८४ रोजी लंडनमध्ये ती गेली, जेमतेम पन्नाशीत. शशी कपूर त्यानंतर पूर्वीचा राहिला नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. नाट्यगृह मात्र बंद पडलं नाही. आधी कुणालने, मग अनेक वर्षं संजनाने, पुन्हा कुणालने ते चालवलं. २८ फेब्रुवारी हा जेनिफरचा वाढदिवस. त्या दिवशी झाकीर हुसेन वर्षानुवर्षं पृथ्वीत येऊन तिच्यासाठी तबला वाजवत असत. शशी कपूरला दादासाहेब फाळके पुरस्कार द्यायला केंद्रीय मंत्री आले तेही पृथ्वीतच, मे २०१५ मध्ये.

आता आपल्या भोर-वेल्ह्याकडचं. वेल्ह्यातल्या मुलाला नाटक पाहायचं असेल तर नसरापूरमार्गे पुण्याला जायचं. भोरच्या मुलीला कापूरहोळवरून. तिथल्या बालगंधर्व रंगमंदिरातला रात्रीचा प्रयोग साडेबाराच्या सुमाराला सुटतो आणि तोवर गावाकडची शेवटची एसटी कधीच गेलेली असते. यात्रेत तमाशा येतो, स्नेहसंमेलनात मुलं दहा मिनिटांची नाटिका करतात, राजवाड्यात शूटिंग चालतं. पण रोज किंवा आठवड्याला नाटक होईल असं छोटं नाट्यगृह भोर-वेल्ह्यात नाही. मागणी निघाली की हजार खुर्च्यांच्या वातानुकूलित सांस्कृतिक भवनाची निघते, आणि अशी भवनं उभी राहिली तरी पुढे लग्नांना भाड्याने जातात, हे तालुक्या-तालुक्यांतून दिसतं. हजार खुर्च्यांची आपल्याला गरज नाही. दोनशे माणसं बसतील, नट जवळून दिसेल आणि भाडं मुलांना परवडेल, एवढंच लागतं. जेनिफरने ते मुंबईत करून दाखवलं, छबिलदासने तर नुसत्या शाळेच्या हॉलात.

शाळा आपल्याकडे आहेत. त्यांचे हॉल संध्याकाळी पाचनंतर कुलूपबंद असतात. भोर आणि वेल्ह्यातल्या शिक्षणसंस्थांच्या चालकांना, मुख्याध्यापकांना आणि पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे : महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी एक हॉल नाटकासाठी उघडा. दिवे आणि पडदे माजी विद्यार्थ्यांनी द्यावेत, पुण्यातल्या एखाद्या प्रायोगिक संस्थेला जाण्या-येण्याचा खर्च द्यावा, तिकीट वीस रुपये ठेवावं. पहिल्या शनिवारी नाटक मिळालं नाही तर ‘३६ चौरंगी लेन’ दाखवा. प्रयोग साडेपाचला सुरू करा, म्हणजे वाड्या-वस्त्यांवरची मुलं शेवटच्या एसटीने घरी पोहोचतील.